स्क्रीन बाहेरून लावली म्हणून एसीची वॉरंटी गेली?

पत्र

नमस्कार दादा,
मी कराड तालुक्यात शाळेवर शिक्षक आहे. चौदा महिन्यांपूर्वी ९ लाख ४० हजारांना पेट्रोल गाडी घेतली, खालचं व्हेरियंट, त्यामुळे स्क्रीन नाही, कॅमेरा नाही. फॉग लॅम्प शोरूमच्याच अ‍ॅक्सेसरी काउंटरवरून बसवून घेतले, त्याचं बिल आहे. टच स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बाहेर बसवला, निम्म्या पैशात काम झालं. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, गाडी पळालीय १९,०००. आता एसी गार हवा देईना आणि पुढून घरघर आवाज येतो म्हणून शोरूमला नेली. डावा हेडलाइट कधी लागतो कधी लागत नाही, तेही सांगितलं. दोन दिवसांनी फोन आला, एसीचा कंप्रेसर गेलाय आणि बीसीएम (लाइट-वायपर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणे) पण गेलाय, मिळून ४६,००० खर्च, त्यात कंप्रेसरचे ३१,०००, आणि वॉरंटीत काहीच बसणार नाही कारण "बाहेरून वायरिंग कट केलंय, पूर्ण गाडीची वॉरंटी व्हॉइड". मेहुणा म्हणतो ग्राहक कोर्टात जा, नवीन गाडी आणि पाच लाख भरपाई माग. भाचा अमेरिकेत असतो, त्यानं तिथल्या एका कायद्याची माहिती पाठवलीय की कंपनीला असं करताच येत नाही. स्क्रीन बसवणारा इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळं काढून कंपनीचं होतं तसं करून देतो, दुसऱ्या शोरूमला न्या, कुणाला कळणार नाही. बायको म्हणते पैसे भरा आणि विषय संपवा. बाकी गाडीला काही केलेलं नाही, फक्त हेडलाइटचे बल्ब बदललेत, कंपनीचे फार मिणमिणते होते म्हणून शंभर-नव्वद वॉटचे टाकले. गाडी आठ दिवस तिथंच उभी आहे. काय करू?
— एक सर

उत्तर

सर, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना शोरूमवर चिडलो, दुसऱ्यांदा वाचताना "फक्त बल्ब बदललेत" ह्या वाक्याला अडखळलो. त्यावर येतोच, पण आधी एक गाठ सोडवू. तुमच्या पत्रात भांडणं दोन आहेत, आणि शोरूमनं त्यांची एकच मोळी बांधून तुमच्या डोक्यावर दिलीय. कंप्रेसर हे एक भांडण, बीसीएम हे दुसरं. पहिल्यात तुमची बाजू भक्कम आहे. दुसऱ्यात नाही, निदान तुम्हाला वाटते तेवढी तरी नाही.

आधी त्या "व्हॉइड" शब्दाचं बघू. मी अकरा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो, काउंटरच्या त्या बाजूला, त्यामुळे हा शब्द कसा वापरतात ते चांगलं माहितीय, मी स्वतः वापरलाय. एक काका आले होते, मागच्या दाराची पॉवर विंडो बंद पडली म्हणून, आणि गाडीला त्यांनी बाहेरून ते पां-पां वाजणारे मोठे हॉर्न बसवले होते. आमच्या मॅनेजरनं बॉनेट उघडलं, हॉर्नची वायर बघितली आणि मला म्हणाला, सांग त्यांना वॉरंटी व्हॉइड आहे. मी सांगितलं. हॉर्न पुढं, काच मागच्या दाराला, मोटर वेगळी, फ्यूज वेगळा, पण काका बिचारे "असं होय" म्हणून खिशातून पैसे काढून गेले. मला त्या वेळी वाईटसुद्धा वाटलं नाही, नंतर वाटलं, पण नंतर वाटून काकांना काय उपयोग.

तर "पूर्ण गाडीची वॉरंटी व्हॉइड" हे तोंडी बोलायचं वाक्य आहे, कागदावर फार कमी वेळा येतं. घरी गेल्यावर ग्लोव्ह बॉक्समधली वॉरंटीची पुस्तिका काढा (गाडी तिथं असेल तर पुस्तिका पण तिथंच असेल, आणायला सांगा, किंवा कंपनीच्या साइटवरून पीडीएफ काढा) आणि "काय कव्हर होत नाही" ते पान शांतपणे वाचा. काही कंपन्यांचं वाक्य सरळ असतं, मंजूर नसलेली अ‍ॅक्सेसरी लावल्यामुळे झालेलं नुकसान कव्हर नाही. त्यातला "मुळे" हा शब्द तुम्हाला सोन्यासारखा आहे, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला शब्दाची किंमत मी काय सांगू. काही कंपन्यांचं वाक्य मोघम असतं, गाडीत बदल केला असेल तर वॉरंटी लागू नाही वगैरे. तुमचं वाक्य कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या वाक्यावर उभा राहणार आहे. आणि एक्स्टेंडेड वॉरंटी वेगळे पैसे भरून घेतली असेल तर तिचे नियम वेगळे छापलेले असतात, ती ह्यात मिसळू नका, तुमची अजून मूळ तीन वर्षांचीच चालू आहे.

शोरूमवाले असं का करतात हे कळलं तर बोलायला सोपं जातं म्हणून सांगतो. वॉरंटीतलं काम शोरूम स्वतःच्या खिशातून करत नाही. पार्ट बदलला की ते कंपनीच्या सिस्टीमला क्लेम टाकतात, फोटो जोडतात, तुमची तक्रार आणि त्यांना सापडलेलं कारण लिहितात, आणि जुना पार्ट टॅग लावून वॉरंटी रूममध्ये ठेवतात कारण कंपनी तो कधीही परत मागवू शकते. कंपनीनं क्लेम पास केला तर पार्टचे आणि मजुरीचे पैसे मिळतात, आणि ती मजुरी तुमच्याकडून घेतात त्यापेक्षा कमीच असते. कंपनीच्या माणसाला नंतर फोटोत कापलेली वायर दिसली आणि त्यानं क्लेम उडवला तर तो खर्च शोरूमच्या अंगावर येतो. म्हणजे क्लेम टाकला तर धोका आणि कमाई थोडी, गिऱ्हाइकाकडून घेतले तर रोख आणि कमाई जास्त. आता सांगा, स्क्रीनच्या मागं इन्सुलेशन टेप गुंडाळलेली वायर दिसल्यावर मॅनेजर काय म्हणणार. ह्यात कुणी खलनायक असायची गरज नाही, हिशोबच तसा आहे. पण ह्यातूनच एक महत्त्वाचा प्रश्न निघतो जो तुम्ही विचारलेलाच नाही: त्यांनी कंपनीकडे क्लेम टाकला का? कंपनीनं नाकारला, की शोरूमनं परस्परच नाकारला? माझा अनुभव असा की दहात बऱ्याच वेळा क्लेम गेलेलाच नसतो.

आता कंप्रेसर. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा मेकॅनिकल पार्ट आहे हा. घरघर म्हणजे बहुतेक बेअरिंग, आणि गार हवा बंद म्हणजे बहुधा गॅस गेलाय, बऱ्याचदा शाफ्टच्या सीलमधून, तिथं तेलाचा ओघळ दिसतो. टच स्क्रीन डॅशबोर्डात आहे, कॅमेरा डिकीवर आहे, त्यातली कुठली वायर बेअरिंगला जाऊन घासली ते त्यांनी दाखवावं. एकच वाट आहे त्यांना, काही कंप्रेसरवर मॅग्नेटिक क्लच असतो, त्याची कॉइल जळली असेल तर ते म्हणू शकतात की व्होल्टेजचा घोळ झाला. म्हणून तुम्ही विचारायचं ते एवढंच: कंप्रेसरमध्ये नेमकं काय बिघडलं, बेअरिंग, सील, व्हॉल्व्ह की कॉइल? आणि माझ्या स्क्रीनच्या वायरिंगमुळे ते कसं बिघडलं? ह्या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं द्यायला बसलेला माणूस दुसऱ्या प्रश्नापाशी पेन खाली ठेवतो. मी ठेवलाय.

फोनवर भांडू नका. फोनवर तुम्ही सर, आणि तो "सर सर" करत तुम्हाला पंधरा दिवस फिरवणार. मेल लिहा, शोरूमच्या सर्व्हिस मॅनेजरला, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला त्याच मेलमध्ये कॉपी. भाषा थंड ठेवा, "लूट", "फसवणूक" असले शब्द नकोत. साधारण असं:

"माझ्या गाडीचा एसी कंप्रेसर वॉरंटीच्या काळात आणि १९,००० किलोमीटरला बिघडला आहे. बाहेरून बसवलेल्या स्क्रीनचं कारण देऊन आपण वॉरंटी तोंडी नाकारली. कृपया लेखी कळवा: १) कंप्रेसरमधला नेमका बिघाड, २) स्क्रीनच्या वायरिंगचा त्या बिघाडाशी काय संबंध हे दाखवणारी तपासणी आणि फोटो, ३) वॉरंटी पुस्तिकेतलं कोणतं कलम लावलं, ४) कंपनीकडे क्लेम पाठवला का, कधी, आणि त्यावर काय उत्तर आलं. जुना कंप्रेसर आणि बीसीएम माझ्या लेखी परवानगीशिवाय टाकून देऊ नये. सात दिवसांत उत्तर अपेक्षित आहे."

बस. जॉब कार्डची (गाडी कामाला घेताना शोरूम भरतं तो कागद) प्रत मागा आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत आहे का बघा. बऱ्याच वेळा तिथं "आउटसाइड वायरिंग फाउंड" एवढंच असतं आणि तुमची सही आधीच घेतलेली असते.

कंपनीला कॉपीत ठेवायचंच, त्याला कारण आहे. शोरूम आणि कंपनी कायद्यानं दोन वेगळे व्यापारी असतात. गोव्यातली एक केस २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली होती, डीलरनं जुन्या सालाची गाडी नवीन म्हणून विकली, आणि कोर्टानं कंपनीला त्यातून सोडलं, कारण डीलरच्या त्या उद्योगाची कंपनीला माहिती होती असं काही समोर आलंच नव्हतं. तुमचा मेल कंपनीच्या इनबॉक्समध्ये तारखेसकट पडलेला असला की "आम्हाला माहीतच नव्हतं" ही पळवाट बंद. शिवाय व्यवहारात बघाल तर कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर विचारायला लागला की शोरूममध्ये पंखे आपोआप जोरात फिरायला लागतात.

आता बीसीएम, आणि सर, इथं जरा कडू बोलणार आहे.

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, लाइट, इंडिकेटर, वायपर, सेंट्रल लॉक असली कामं बघणारा डबा. कितीतरी गाड्यांमध्ये हेडलाइटचा करंट ह्या डब्यातूनच किंवा त्याच्या हुकमानं जातो. कंपनीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॉटचा, म्हणजे हायबीमला ६०, लोबीमला ५५. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अ‍ॅम्पिअर, दोन बल्बचे १०. तुम्ही टाकले शंभर-नव्वदचे, म्हणजे हायबीमला एकाचे ८ च्या वर आणि दोघांचे १६ च्या वर. वायर तीच, कनेक्टर तोच, डबा तोच, आणि बोजा दीडपटीपेक्षा जास्त. बल्ब टाकताना रिले किट लावलं होतं का, म्हणजे बॅटरीवरून थेट जाड वायर आणि जुनी वायर फक्त इशारा द्यायला? तुमच्या पत्रात रिलेचं नावच नाही, म्हणजे बहुतेक नसावं, "होल्डरमध्ये टाकले आणि लागले" असं झालं असणार. बल्बच्या मागचा प्लास्टिकचा कनेक्टर काढून बघा, पिवळा पडून वितळल्यासारखा झाला असेल. डावा हेडलाइट कधी लागतो कधी नाही ह्याचं उत्तर मला तरी तिथंच दिसतंय. असल्या बल्बच्या बऱ्याच डब्यांवर "रस्त्यावर वापरायला नाही" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं काय होतं ते कोयनेवरच्या पुलावर रात्री एकदा समोरून तसली गाडी आली की कळतं.

गंमत बघा, शोरूमवाले दोष देतायत स्क्रीनला, जिचा ह्यात बहुतेक काही हात नाही, आणि ज्याच्यावर बोट ठेवायला हवं त्या बल्बकडे त्यांचं अजून लक्ष गेलेलं दिसत नाही. उद्या कंपनीचा माणूस आला तर पाच मिनिटांत जाईल.

पण इथंही एक "पण" आहे. फॉग लॅम्प कुणी बसवले? त्यांनीच. त्याचं बिल तुमच्याकडे आहे, ते बिल आता गाडीच्या आरसीइतकं जपा. फॉग लॅम्पचा प्लस कुठून घेतलाय ते बघायला हवं. नीट बसवला असेल तर बॅटरीवरून फ्यूज, रिले, मग लॅम्प. घाईघाईत डिलिव्हरीच्या दिवशी पोरानं बसवला असेल तर हेडलाइटच्या किंवा पार्किंगच्या वायरला चिमटा मारून तिथूनच घेतलेला असतो, आणि मग बीसीएमवरचा तो बोजा त्यांच्या स्वतःच्या माणसानं वाढवलाय. शोरूमच्या काउंटरवर विकलेली प्रत्येक अ‍ॅक्सेसरी कंपनीचीच असते असंही नाही, बिलावर पार्ट नंबर आहे का नुसतं "फॉग लॅम्प सेट" लिहिलंय ते बघा. जोडणी त्यांनीच चुकीची केली असेल तर ती त्यांच्या सेवेतली त्रुटी, त्याला वॉरंटीचा प्रश्नच लागत नाही. तेव्हा बीसीएमचं उत्तर तीन वायरींवर आहे, स्क्रीनची, बल्बची, फॉग लॅम्पची, आणि गाडी ताब्यात आल्यावर तिसऱ्याच, ह्यात ज्याचा काही संबंध नाही अशा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्या तिन्ही उघडून फोटो काढून घ्या. स्क्रीन कपलरवर (म्हणजे तयार प्लग जोडून) बसवलीय की वायर कापून, तेही त्यातच कळेल. कपलरवर असेल तर शोरूमचं "वायरिंग कट केलंय" तिथंच खोटं पडतं. कापलेलं असेल तर कापलेलं आहे, मान्य करायचं आणि म्हणायचं, बरं, मग ह्या कापलेल्या वायरमुळे काय जळलं ते दाखवा.

आणि तुमच्या त्या इलेक्ट्रिशियनचा सल्ला. सगळं काढून, होतं तसं करून, दुसऱ्या शोरूमला न्यायचं. नका करू, सर. नीतीचं राहू द्या बाजूला, साधा व्यवहार बघा. पहिल्या शोरूमनं जॉब कार्डवर लिहिलंय आणि फोटो काढलेत, कंपनीची सिस्टीम सगळ्या शोरूमला एकच असते, दुसरीकडे गाडीचा नंबर टाकला की सगळा इतिहास समोर. वितळलेला कनेक्टर नवीन बल्ब घातल्यानं सरळ होत नाही. आणि उद्या ग्राहक आयोगात गेलात तर तिथं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात "मी काहीही बदल केला नाही" लिहिणार का? एक खोटं सापडलं की कंप्रेसरची खरी केस पण त्याच्याबरोबर बुडते. म्हणून बल्बचं कुणी विचारलं तर सरळ हो म्हणा. न विचारता मेलमध्ये लिहायला जाऊ नका, ते तुमचं काम नाही, पण विचारल्यावर लपवू नका.

मग बीसीएमचं करायचं काय? फॉग लॅम्पची जोडणी चुकीची निघाली तर फोटो जोडून तेही मागा. नीट निघाली तर बीसीएमसाठी हक्काची भाषा सोडा आणि गुडविल मागा. हा शब्द सर्व्हिसवाल्यांना बरोबर कळतो. वॉरंटीत न बसणाऱ्या कामात कंपनी काही वाटा उचलते, कधी पार्टचे निम्मे, कधी फक्त मजुरी, ते त्या एरिया मॅनेजरच्या मर्जीवर. पहिली गाडी, सगळ्या सर्व्हिस शोरूमलाच, तक्रार कधी नाही, असं असेल तर मिळायचे चान्स बरे असतात. आणि काहीच नाही मिळालं तर नवीन बीसीएम घ्यायच्या आधी बोर्ड रिपेअर करणाऱ्याला दाखवा, पुण्यात असे कारागीर आहेत, पुष्कळदा डब्यातला एखादाच रिले किंवा ट्रॅक जळलेला असतो.

भाच्याच्या लिंकबद्दल. तो म्हणतोय तो कायदा अमेरिकेचा १९७५ चा, मॅग्नसन-मॉस. आमचाच पार्ट वापरा, आमच्याकडेच सर्व्हिस करा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला तिथं घालता येत नाही. कायदा चांगलाय, पण तो तिथला, मेलमध्ये त्याचं नाव घेतलंत तर शोरूममध्ये चहाबरोबर हसायला विषय होईल. (यूट्यूबवर इंग्लिश व्हिडिओ बघून आलेली तरुण पोरं आमच्या काउंटरवर हे नाव घ्यायची, तेव्हा आम्ही हसायचोच.) आपल्याकडे अगदी तसाच कायदा नाही. जवळचं म्हणाल तर भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा आदेश, चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड केला होता, स्पेअर पार्ट बाहेर मिळू देत नाहीत म्हणून. त्यात आयोगानं असंही म्हटलं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट कंपन्यांनी घालू नये, त्या बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. आता हा आदेश रिपेअरबद्दल आहे, स्क्रीन-कॅमेऱ्याबद्दल थेट नाही, आणि कंपन्या त्यावर पुढं अपिलात गेल्या, त्यामुळे तलवारीसारखा नाचवू नका. पण "जेवढं नुकसान तेवढ्यापुरतं" हा विचार आपल्या देशातल्याच एका आयोगानं मांडलाय, एवढं मेलच्या दुसऱ्या फेरीत एका ओळीत लिहायला हरकत नाही.

कुणी आरटीओची भीती घातली तर तीही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदवलेल्या, कंपनीनं ठरवलेल्या मूळ गोष्टींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करू नका, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कडक धरलं. स्क्रीन आणि कॅमेऱ्यानं आरसीवरचं काहीच बदलत नाही. हे कलम चॅसिस, इंजिन, बॉडी, इंधन असल्या बदलांसाठी.

सात दिवसांत उत्तर नाही आलं किंवा गोल गोल आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतून बोलता येतं. ते कोर्ट नाही, ते तुमची तक्रार कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या टेबलावर नेऊन ठेवतात, आणि ३१,००० च्या कंप्रेसरसारखी स्वच्छ तक्रार तिथं बऱ्याचदा मिटते. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात केस करता येते, म्हणजे साताऱ्याला, शोरूम आणि कंपनीचं ऑफिस कुठंही असो. केस ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही, आणि गाडीची किंमत पाच ते दहा लाखांत असल्यामुळे फी २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, पार्ट लॅबला तपासायला पाठवला तर पाच, प्रत्यक्षात त्याच्या पुढं जातं ते तुम्हाला सांगायला नको. पण लॅबला पाठवायला पार्ट हवा! म्हणून वर मेलमध्ये जुना कंप्रेसर टाकू नका असं लिहायला सांगितलं. भंगारात गेलेल्या पार्टवर कुठला तज्ज्ञ काय रिपोर्ट देणार. स्वतःचा रिपोर्ट हवा असेल तर लायसन्सवाला मोटर सर्व्हेअर फी घेऊन तपासून देतो.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि नवीन गाडीचा विषय सोडायला सांगा. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच एका गाडीच्या प्रकरणात म्हटलंय की वॉरंटीची अट बिघडलेला पार्ट बदलायची असेल तर पार्टच मिळणार, अख्खी गाडी नाही. कंप्रेसर गेला म्हणून नवी गाडी आणि पाच लाख मागितले की आयोगाला वाटतं हा माणूस वाढवून सांगतोय, मग खऱ्या ३१,००० कडेसुद्धा संशयानं बघतात. मागायचं ते कंप्रेसर, मजुरी, गॅस, आणि थोडी नुकसानभरपाई आणि केसचा खर्च. मला मेहुण्यांसारखी माणसं आवडतात, पण ती दुसऱ्याच्या केसमध्येच एवढी धाडसी असतात.

वहिनींचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. गाडी तिथं आठ दिवस उभी ठेवून काही हाती लागत नाही, उलट काही शोरूम पार्किंगचे रोजचे पैसे लावतात, आणि उन्हाळ्यात उघड्यावर गाडीचे हाल वेगळे. मेल गेला, पोच मिळाली, की गाडी उचला. कंप्रेसरचं काम थांबवता येत असेल तर थांबवा, एसीशिवाय महिनाभर चालवा, घाम येईल पण पुरावा जागेवर राहील. बेअरिंग फारच वाजत असेल तर थांबू नका, ते जाम झालं तर पट्टा तुटतो आणि काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर असतो, मग घाटात उभे राहाल. अशा वेळी तिथंच बदलून घ्या, पैसे भरा, पण बिलावर सही करताना हातानं लिहा, "वॉरंटीचा हक्क राखून, हरकत नोंदवून पैसे दिले", आणि त्याचा फोटो काढा. पैसे यूपीआयनं किंवा कार्डनं, रोख नको. जुना कंप्रेसर डिकीत घालून घरी आणा, गोणपाटात गुंडाळा, तेल गळतं.

शंभर-नव्वदचे बल्ब गाडी आणायला जाल त्याच दिवशी काढा, पण फेकू नका, आणि वितळलेला कनेक्टर बदलायच्या आधी फोटो. त्यात तुमची चूक दिसत असली तरी काढा, ती झाकून नाही जिंकायचंय. उजेडच कमी वाटत असेल तर आधी गाडीची समोरची काच आतून पुसून बघा आणि हेडलाइटचं लेव्हल सेट करून घ्या, चौदा महिन्यांच्या गाडीचा उजेड बऱ्याच वेळा बल्बमुळे नाही, खाली झुकलेल्या फोकसमुळे कमी वाटतो. त्याचं काम दहा मिनिटांचं, डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या चाकानं पण फरक पडतो.

स्क्रीन राहू द्या, ती काढायची काही गरज नाही. फक्त तिचं बिल त्या इलेक्ट्रिशियनकडून आता तरी मागून घ्या, तारखेसकट. सध्या तो फार मदतीच्या मूडमध्ये आहे असं दिसतंय.